सूज उतरते तेव्हा

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगत, उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेनं वसवलेली वृंदावन योजना आहे. तिथल्या एखाद्या बांधकामावर सेंट्रिंगची फळी उचलताना मजुराच्या तळहातात लाकडाचं कुसळ शिरतं. तो ते चिमटीत धरून उपसतो, हात पँटला पुसतो आणि पुढची फळी उचलतो. कुसळाचं टोक मात्र आत मोडून राहिलेलं असतं आणि त्या टोकावर मातीतले जिवाणू असतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या तळहातात जे घडतं, त्याला तो मजूर ‘हात सुजला’ म्हणेल. डॉक्टर दाह म्हणतील. मला विचाराल तर निसर्गातल्या सर्वांत विलक्षण घटनांपैकी ती एक आहे, आणि तिचा सर्वांत विलक्षण भाग शेवटी येतो. त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

सुरुवात काही सेकंदांतच होते. त्वचेखाली मास्ट पेशी नावाच्या, दाणेदार पुड्यांनी गच्च भरलेल्या पेशी कायमच्या वस्तीला असतात. जखम झाल्याचं कळताच त्या आपल्या पुड्या बाहेर रित्या करतात. त्यातलं हिस्टामीन जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना सैल करतं, त्या रुंदावतात, जास्त रक्त येतं आणि कातडी लाल होते. शरीराच्या गाभ्यातलं गरम रक्त तळहातापर्यंत आल्यामुळे तिथे हात लावला की चटका जाणवतो. वाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींपासून किंचित दूर सरकतात, त्या फटींतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं झिरपतात, जागा फुगते. आजूबाजूला तयार झालेली प्रोस्टाग्लँडिनं आणि ब्रॅडिकायनिन मज्जातंतूंची टोकं इतकी हळवी करतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्शही दुखतो. लाली, उष्णता, सूज, वेदना. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससनं दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली होती. चारांतली एकही त्या जिवाणूंनी केलेली नाही. सगळी शरीरानं स्वतः, ठरवून घडवलेली आहेत.

ठरवून कशासाठी? पांढऱ्या पेशींना वाट करून देण्यासाठी. न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी आपल्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १० हजार कोटी तयार होतात. रक्तात त्या वेगानं वाहत असतात. कुसळाजवळच्या वाहिनीत मात्र आतल्या पेशींनी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे केलेले असतात. न्यूट्रोफिल त्यांना अडखळते, वेग मंदावतो आणि उतारावरून गोटी घरंगळावी तशी ती भिंतीवरून घरंगळू लागते. मग दुसऱ्या प्रकारचे, जास्त घट्ट धरणारे रेणू तिला जागच्या जागी थांबवतात. ती चपटी होते आणि दोन पेशींमधल्या फटीतून स्वतःला पिळवटत बाहेर पडते. जिवंत उंदराच्या वाहिनीत हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं, त्याच्या चित्रफिती सहज मिळतात. एकदा तरी बघाच. मेंदू नसलेली एक पेशी रासायनिक वासाच्या मागे वळणं घेत, आडव्या आलेल्या पेशींना वळसा घालत जिवाणूपर्यंत पोहोचते आणि त्याला गिळते.

गिळणं पुरेसं पडलं नाही तर ती आणखी एक गोष्ट करते. २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की काही न्यूट्रोफिल स्वतःच्या केंद्रकातला डीएनए उलगडून बाहेर फेकतात. जिवाणूनाशक प्रथिनं लडबडलेलं त्याचं जाळं होतं आणि त्यात जिवाणू अडकून मरतात. ज्या रेणूत पेशीचा सगळा वारसा लिहिलेला, तोच ती हत्यार म्हणून वापरते आणि बहुतेक वेळा त्यातच संपते. तिसऱ्या दिवशी त्या तळहातातून निघणारा पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या न्यूट्रोफिल असतात. पुवाची हिरवट झाक त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराची. घाण म्हणून आपण तो पुसून टाकतो. खरं तर तो मोठ्या कामाचा अवशेष असतो.

पण हे सगळं सुरू करायचा निर्णय घेतला कुणी? इथे माझी मती खरोखर गुंग होते. आपल्या पेशींवर काही मोजके ग्राहक रेणू असतात. जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, विषाणूंच्या जनुकांची ठेवण अशा, आपल्या शरीरात सहसा नसणाऱ्या गोष्टी ते ओळखतात. फळमाशीतल्या ‘टोल’ नावाच्या जनुकाचं हे काम जूल्स हॉफमननं १९९६ मध्ये दाखवलं, उंदरात तसंच जनुक ब्रूस ब्यूटलरनं १९९८ मध्ये, आणि २०११ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. माशी आणि माणूस यांच्या वाटा कित्येक कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी जंतू ओळखायची ही खूण दोघांकडे आहे.

मग प्रश्न येतो तो पाय मुरगळल्याचा. तिथे जंतू नसतो, तरी घोटा टम्म का फुगतो? फुटलेल्या पेशींतून असे पदार्थ बाहेर सांडतात की जे बाहेर असताच कामा नयेत, आणि त्यांनाही हेच ग्राहक ओळखतात. त्यातला एक पदार्थ म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए. मायटोकाँड्रिया म्हणजे आपल्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, आणि ती मुळात दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेल्या जिवाणूंची वंशज आहेत. २०१० मध्ये बोस्टनच्या एका गटानं दाखवलं की मोठ्या अपघातात शरीर चेंगरलं की हा डीएनए रक्तात येतो आणि शरीर त्याच्याकडे जिवाणूचा डीएनए म्हणूनच बघतं. इतक्या काळाच्या सहवासानंतरही ती जुनी ओळख पुसलेली नाही. म्हणूनच अपघाताच्या रुग्णाला कुठलाही संसर्ग नसताना संसर्ग झाल्यासारखा ताप चढू शकतो.

दाह हे शरीराचं स्वतःचं काम आहे, ही कल्पना तशी अलीकडची. १८८२ च्या हिवाळ्यात इलिया मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेस्सिना गावी होता. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना त्यानं तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत एक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिलं तर फिरत्या पेशींनी त्या काट्याभोवती गर्दी केली होती. अळीला रक्तवाहिन्याच नव्हत्या. लालीचा प्रश्नच नव्हता. तरी पेशी आल्या होत्या. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असंच तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत. मेचनिकॉव्हनं त्यांना भक्षक ठरवलं आणि त्यासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं.

ओडेसाला त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला: वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं होतं. हाफकिननं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. गुरूनं अळीत जे पाहिलं, तेच शिष्याच्या अंगात घडत होतं. लस जर दाह पेटवू शकली नाही तर शरीर तिच्यापासून काही शिकतही नाही. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड घेतल्यावर लाखो घरांत लोक दंड धरून, अंगावर पांघरूण ओढून पडले होते, त्यांनाही हेच झालेलं.

आणि प्लेग एवढा जीवघेणा का, याचंही उत्तर दाहातच आहे. पिसवेच्या थंड शरीरातून माणसाच्या उबदार शरीरात शिरताच प्लेगचा जिवाणू आपल्या आवरणातली चरबी अशी बदलतो की आपले टोल ग्राहक ती नीट ओळखत नाहीत. शिवाय अंगावर धावून येणाऱ्या पेशींमध्ये तो सुईसारख्या अवयवानं अशी प्रथिनं टोचतो की त्या गप्प होतात. सुरुवातीला सूज नाही, लाली नाही, काही नाही. त्या शांततेत जंतू बेसुमार वाढतात. काखेत किंवा जांघेत गाठ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुण्यात आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना ज्या रोगानं गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी नेलं, तो रोग असा चोरपावलांनी येतो. वेळेवर येणारी सूज किती मोलाची, हे प्लेगच्या या सुरुवातीच्या शांततेइतकं दुसरं काही सांगत नाही.

आता पुन्हा लखनौ. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि जानकीपुरमच्या नव्या जागेत जाईपर्यंत तिथेच राहिली. तिथल्या आर. सी. श्रीमल आणि बी. एन. धवन यांनी १९७३ मध्ये हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावरचा, कर्क्युमिनवरचा एक निबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या पंजात कॅराजिनन हा समुद्रशैवालातला पदार्थ टोचला की काही तासांत पंजा सुजतो आणि सूज किती आली ते मोजता येतं. कर्क्युमिन दिलेल्या उंदरांचे पंजे कमी सुजले. पुढे मुंबईत प्रा. आर. आर. सातोसकरांनी, म्हणजे ज्यांचं औषधशास्त्राचं पाठ्यपुस्तक भारतातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं त्यांनी, आपल्या सहकाऱ्यांसह हर्निया आणि हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या सुजेवर कर्क्युमिन वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा कर्क्युमिननं सूज जास्त उतरली होती.

सांगलीची हळद, वर्ध्याजवळच्या वायगावची हळद यांचा अभिमान मलाही आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दोघा संशोधकांना १९९५ मध्ये मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, हेही योग्यच झालं. पण हळद-दूध प्यायलं की शरीरातला सगळा दाह जातो, असं सांगत फिरणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. सातोसकरांच्या रुग्णांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते साधारण तीन टक्के धरलं तर रोजची सुमारे ४० ग्रॅम हळद झाली, आणि त्यातलंही फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं. पेल्याभर दुधात चिमूटभर हळद आईनं मायेनं घातलेली असते. ती प्यावी. सांध्यांचं औषध मात्र त्या भरवशावर बंद करू नये.

सूज दाबता येते, हे कर्क्युमिनच्या त्या प्रयोगांआधीच कळलं होतं. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेननं दाखवलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनं तयारच होऊ देत नाही. मग सगळ्यांनी असं गृहीत धरलं की कारण संपलं की प्रोस्टाग्लँडिनं विरतात आणि सूज आपोआप ओसरते. हे गृहीतक चुकीचं होतं. ते ज्यांनी खोडलं त्यांच्यात चार्ल्स सेरहान अग्रभागी. स्टॉकहोममध्ये संशोधक सॅम्युएलसन यांच्याबरोबर काम करताना १९८४ मध्ये त्याला लिपॉक्सिन नावाचे चरबीजन्य रेणू सापडले. पुढे बोस्टनला, सन २००० च्या सुमारास, माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून शरीर बनवतं ती रिझॉल्व्हिनं सापडली. यांचं काम एकच: दाह संपवणं. न्यूट्रोफिलना आणखी येऊ न देणं, आलेल्यांना उचलायला महाभक्षक (मॅक्रोफेज) पेशींना बोलावणं, झिरपलेलं पाणी वाहून जाऊ देणं.

थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. २००१ मध्ये असं दिसलं की सूज चढवणारी जी प्रोस्टाग्लँडिनं आहेत, त्यातलीच काही न्यूट्रोफिलमधल्या विकरांची जुळणी बदलतात. आता तीच पेशी सूज वाढवणारे रेणू सोडून सूज उतरवणारे रेणू बनवू लागते. म्हणजे दाह सुरू होतानाच त्याच्या अंताची सोय लावून ठेवलेली असते. मग न्यूट्रोफिल शिस्तीत मरते. फुटून आतला मसाला सांडत नाही, तर आवळत जाते आणि ‘मला खा’ अशी खूण पृष्ठभागावर आणते. महाभक्षक पेशी तिला गिळते, आणि त्या गिळण्यानंच तिचा स्वभाव पालटतो. आत्तापर्यंत आग लावणारे संदेश देत होती, ती आता शांत करणारे आणि मांस भरून आणणारे संदेश देऊ लागते. मजुराच्या तळहातावरची सूज पाचव्या-सहाव्या दिवशी उतरली, नवी कातडी आली, तर आपण म्हणतो, बरं झालं. तिथे तितकंच काम झालेलं असतं जितकं सूज चढताना झालं होतं.

हे काम अडलं की काय होतं ते बघायचं तर वृंदावन योजनेतून फार लांब जायला नको. रायबरेली रस्त्यावरच संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आहे. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी १४ डिसेंबर १९८० ला तिची कोनशिला बसवली. देशात क्लिनिकल इम्युनॉलॉजीचं डीएम शिक्षण इथेच पहिल्यांदा सुरू झालं. पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून सुजलेल्या बोटांचे, वाकड्या झालेल्या मनगटांचे रुग्ण इथे येतात. त्यांच्या सांध्यात काटा नाही, बहुतेकांत जंतूही नाही. दाह सुरू आहे आणि थांबत नाही, हाच आजार. काहींत तो बाहेरून दिसतही नाही. टाकायासू आर्टेरायटिसमध्ये महारोहिणी आणि तिच्या मोठ्या फांद्यांची भिंत सुजते, वाट अरुंद होते आणि बऱ्याचदा तरुण स्त्रीच्या मनगटाला नाडीच लागत नाही. अशा न दिसणाऱ्या दाहाची आजघडीची धग मोजायला इथल्या डॉ. रामनाथ मिश्रा यांनी, वेल्लोर आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह, एक मापनपद्धत बसवली. ती जगात इतरत्रही वापरली जाते.

आपल्याकडेही हे आजार कुठे दूर नाहीत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या गटानं १९९६ मध्ये उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. तिथल्या प्रौढांत संधिवाताभ आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सुमारे अर्धा टक्का आढळला. टक्का छोटा वाटतो, पण दोनशे प्रौढांत एक म्हणजे बहुतेक प्रत्येक गावात काही माणसं. चिकुनगुन्या तर बार्शीला १९७३ मध्येच येऊन गेला होता. तीन दशकं तो गप्प राहिला आणि २००६ मध्ये देशभर १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. विषाणू काही दिवसांत रक्तातून जातो, पण कित्येकांचे घोटे आणि बोटं महिनोन्महिने सुजलेली राहतात. काम संपलंय, हे शरीराला कळत नाही.

मग दाह सरळ बंदच का करू नये? लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये दाहाचा टीएनएफ हा एकच संदेशक रेणू अडवून बघितला, आणि वर्षानुवर्षं खुरडत चालणारे आमवाताचे रुग्ण जिने चढू लागले. पण क्षयाचे जंतू शरीरात ज्या गाठीत कोंडलेले असतात, ती गाठही टीएनएफच धरून ठेवतो. तो अडवला की जुना क्षय जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तर झोपलेला क्षय कोट्यवधींच्या अंगात आहे. म्हणून हे औषध देण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करतात. २०१७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर झालेल्या एका चाचणीत दाहाचा दुसरा एक संदेशक, इंटरल्यूकिन-१ बीटा, अडवला गेला. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, तरी एका मात्रेत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं एकूण प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालं. हृदयाच्या वाहिन्यांतही मंद दाह धुमसत असतो, याचा तो भक्कम पुरावा. पण त्या औषधानं जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. कोविडमध्ये डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशानं कमी केले, तर ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. दाह कधी अडवायचा आणि कधी त्याला त्याचं काम करू द्यायचं, ही वेळ ओळखणं हाच या वैद्यकाचा गाभा आहे.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. सकाळी उठल्यावर बोटांचे किंवा मनगटाचे सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहत असतील, त्यांवर सूज असेल आणि हे सहा आठवडे टिकलं असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधा वाचतो. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. बहुतेक वेळा पहिलं औषध मेथोट्रेक्सेट असतं. मुळात ते कर्करोगासाठी, भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून आलं. संधिवातात ते अगदी थोड्या मात्रेत दिलं जातं, तेही आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा.